भीमा-नीरेच्या मधला मुलूख

शाळेच्या स्मरणिकेत तालुक्याच्या इतिहासावर चार पानं घालायची ठरली आणि ती लिहायचं काम सरांकडे आलं. सर इंदापूरचे. मला आठवी ते दहावी इतिहास त्यांनीच शिकवला. आता पंच्याहत्तरी जवळ आली आहे, पण अक्षर तसंच वळणदार. मी बारामतीचा. चाळीस वर्षं होऊन गेली तरी त्यांच्यासमोर मला खुर्चीत मागे टेकून बसवत नाही.

त्यांनी पहिलं वाक्य वाचून दाखवलं : "इंदापूरचा इतिहास मालोजीराजांच्या रक्तानं सुरू होतो."

मला ते आवडलं. पण सरांची भाची शेजारी बसली होती. सरांची बहीण फलटणला दिलेली, तिची ही मुलगी. पुण्याला मोडी कागद वाचते, देवनागरीत उतरवून देते. तिनं तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "मामा, हे वाक्य बदला."

"का गं? खोटं आहे?"

"खोटं नाही. पण त्या लढाईच्या आधी इथं माणसं राहत नव्हती का? लढाई कुणाच्या तरी उभ्या ज्वारीतच झाली असेल. ती ज्वारी पेरणारे तुमच्या चार पानांत कुठं येणार?"

सरांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. वर्गात ते असं करायचे तेव्हा धडा बाजूला राहायचा आणि घंटा होईपर्यंत बोलणं चालायचं. त्या दिवशी घंटा नव्हती. सकाळी इंदापूरची गढी, दुपारी नीरा नरसिंहपूर, संध्याकाळी उजनीचा काठ असा दिवस गेला. मी गाडी चालवली आणि ऐकत राहिलो. जे ऐकलं ते इथं लिहितो आहे, आणि जिथं मला वेगळं वाटलं तिथं तसं सांगतो आहे.

गढीवर पोचल्यावर सरांनी काठीनं चारही दिशा दाखवल्या.

"नकाशा डोळ्यापुढं आण. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा. मागं पश्चिमेला बारामती, सुपं, मग पुणं. हा मुलूख पाचरीसारखा निमुळता होत जातो आणि नरसिंहपूरला दोन्ही नद्या भेटतात तिथं संपतो. वरच्या अंगाला अहमदनगरची निजामशाही, खालच्या अंगाला विजापूरची आदिलशाही. सव्वाशे वर्षं दोघांची ओढाताण. सोलापूरचा किल्ला तर चांदबिबीच्या लग्नात आंदण म्हणून गेला आणि पुढं त्याच्यापायी पुन्हा लढाया झाल्या. या ओढाताणीत इंदापूर म्हणजे उंबरा. मालोजीराजे निजामशहाच्या बाजूनं लढताना इथं पडले. कुणी ते साल १६०६ धरतं, कुणी १६२० च्या आसपासचं. पण जागा इंदापूर, हे शिवभारतकार कवींद्र परमानंदही सांगतो. शहाजीराजे तेव्हा लहान. पुणे-सुप्याची जहागीर त्यांच्याकडे चालू राहिली, आणि तिच्यातून पुढं स्वराज्य उभं राहिलं. मग इथनं सुरुवात करू नको तर कुठनं करू?"

भाची म्हणाली, "मालोजीराजांच्या पत्नी उमाबाई कुठल्या, मामा?"

"फलटणच्या. निंबाळकरांच्या."

"म्हणजे नीरेपलीकडच्या, विजापूरकरांच्या मुलखातल्या. शिवाजी महाराजांच्या सईबाईही तिथल्याच. राजे एकमेकांचे वैरी आणि सोयरीक मात्र नदी ओलांडून चाललेली. माझ्या आईला तुम्ही इंदापूरहून फलटणला दिलंत तेव्हा नीरा आडवी आली का? तेव्हाही आली नसणार. सरहद्द म्हणून तुम्ही जी रेघ मारताय, ती दोन दरबारांच्या मधली. दोन गावांच्या मधे ती नव्हती."

"रेघ नव्हती म्हणतेस, मग माणसं मेली ती कशापायी?"

ती काही बोलली नाही. खाली वाकून तिनं गढीच्या कडेची माती हातात घेतली. पावसानं तिथं कड उघडी पडली होती. पांढुरकी, राखेसारखी भुसभुशीत माती. चुरगाळल्यावर तिच्यातून खापरीचा नखाएवढा तुकडा निघाला, एका बाजूनं काजळलेला. बांगडीची काचही दिसली. ज्यांनी गावाकडचं जुनं गावठाण पाहिलं आहे त्यांना ही माती ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या चुली, राख, शेण, पडलेल्या भिंती यांच्यातून ती होते, म्हणून तर गाव वसतं त्या जागेला आपण पांढरी म्हणतो आणि पिकतं त्या जमिनीला काळी. या पांढरीत खताचा अंश असतो, त्यामुळे लोकांनी कित्येक गावांतल्या गढ्या खणून गाड्यांनी शेतात नेल्या. आमच्याही आजोबांनी नेली होती. त्यांनी किती चुली शेतात पसरल्या याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता.

"हे बघा मामा," ती म्हणाली, "हे भांडं कोणाच्या राज्यात काजळलं?"

नरसिंहपूरच्या वाटेवर ती म्हणाली, "तुमच्या चार पानांतलं एक पान मला द्या. १६३० ते १६३६. एवढी सहाच वर्षं."

त्या सहा वर्षांबद्दल ती बोलली ते मी तिच्याच क्रमानं देतो. १६३० ला पाऊस गेला. दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे. पुढच्या वर्षी आला तो एवढा की उरलंसुरलं वाहून गेलं. देहूला तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा याच दुष्काळात गेले. शहाजहान स्वतः बुऱ्हाणपूरला येऊन बसलेला, त्याच्या फौजा निजामशाही गिळायला निघालेल्या. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली. शहाजीराजे आधी निजामशाहीत, मग मोगलांकडे, मग मोगलांना सोडून पुन्हा निजामशाहीचा एक मुलगा गादीवर बसवून स्वतः कारभार करणारे. मे १६३६ मध्ये शहाजहान आणि मुहम्मद आदिलशहा यांचा तह झाला. निजामशाही दोघांनी वाटून घेतली. नगर-जुन्नरचा भाग मोगलांना, पुणे-चाकणसकट भीमेच्या अलीकडचा भाग विजापूरला, आणि विजापूरनं बादशहाला वीस लाखांची पेशकश द्यायची. त्याच साली माहुलीला शहाजीराजांनी शस्त्र खाली ठेवलं आणि ते विजापूरच्या चाकरीत गेले. जहागीर तीच राहिली, धनी बदलला.

"इंदापूर परगण्यातल्या कुणब्यानं सहा वर्षांत किती धनी पाहिले ते मोजा," ती म्हणाली. "भीमा ही सरहद्द ठरली ती कागदावर. इथल्या एकाही पाटलाला कुणी विचारलं नव्हतं."

"पाटलाला विचारून तह झालेला तू कुठं वाचलायस का?" सरांचा आवाज चढला. "इतिहासात एवढं हळवं होऊन चालत नाही. दोन मोठ्या सत्तांमध्ये सापडलेल्या मुलखाचं असंच होतं. त्यातनं सुटायची एकच वाट, आपली सत्ता उभी करायची. शहाजीराजांनी ती उभी करून पाहिली, जमलं नाही. शिवाजी महाराजांनी जमवलं. तू दुःख मोजतेस आणि उपाय सांगत नाहीस."

सरांचा हा मुद्दा मला तिथं पटला. अजूनही पटतो. पण भाचीकडे उत्तर होतं, आणि ते कागदातनं आलेलं होतं.

"उपाय कुणब्याकडेही होता, मामा. तो उठून जायचा. परागंदा व्हायचा. गाव ओस पडलं की काळी पडीक राहायची आणि धाऱ्याचा, म्हणजे शेतसाऱ्याचा, पैसा यायचा नाही. मग कुठलाही धनी असो, निजामशहा असो, आदिलशहा असो, नाहीतर मोगल, त्याला कौल द्यावा लागायचा. या, वस्ती करा, मागची बाकी काढणार नाही. पहिल्या साली धारा नावापुरता, दुसऱ्या साली थोडा, तिसऱ्या साली आणखी थोडा, असा चढत जाऊन काही वर्षांनी पुरा. त्या चढत्या धाऱ्याला इस्तावा म्हणतात. दादोजी कोंडदेवांनी शहाजीराजांच्या जहागिरीत, इंदापूर-बारामतीपर्यंत, हेच केलं. मावळात लांडगे एवढे माजले होते की लांडगा मारणाऱ्याला बक्षीस ठरवलं, असं बखरीत आहे. पुणं पुन्हा वसलं ते असं. जिंकून घेतलेला मुलूख ओसाड असला तर राजाच्या काय कामाचा? त्याला माणूस लागायचा. आणि सरहद्दीवरच्या माणसाला पलीकडे जायची वाट होती, म्हणून त्याच्या शब्दाला थोडी तरी किंमत होती."

इथं मला शब्दाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. कौल हा शब्द आपण आजही रोज वापरतो. देवाला कौल लावतो, निवडणुकीत जनतेचा कौल म्हणतो. जुन्या कागदांत कौल सरकार देत असे आणि रयत घेत असे. आज तो रयत देते आणि सरकार घेतं. हा बदल कुणा एकानं घडवला नाही, पण भाषेत तो झालेला आहे, आणि मराठी माणसानं त्याची नोंद ठेवायला हवी.

सर मात्र थांबले नाहीत. "कौल कागदावर असतो. पाठीशी हत्यार नसेल तर तो कागद दुसऱ्या दिवशी फाडला जातो. तू सगळ्या धन्यांना एका दावणीला बांधतेस तेच मला मान्य नाही. ऑक्टोबर १६६२ चं महाराजांचं पत्र आहे, सर्जेराव जेध्यांना. मोगल तुमच्या खोऱ्यावर चालून येतोय, रयतेला लेकराबाळांसकट घाटाखाली सुरक्षित जागी घालवा, त्यात हयगय केली तर तुमच्या माथी पाप. कुठल्या आदिलशहानं असं लिहिलं? चिपळूणजवळच्या छावणीला १६७३ मध्ये ताकीद दिली, रयतेचं काही फुकट घेऊ नका. १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलं, ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैलाला पैसा द्या, दाणा नाही त्याला दाणा द्या, आणि वसुली त्याच्या ऐपतीनं हळूहळू करा. हा वेगळा राजा आहे. हे वेगळेपण तुझ्या कुणब्याला कळलं म्हणूनच मावळा उभा राहिला."

"कळलं, मान्य," भाची म्हणाली, आणि ती ते मनापासून म्हणाली. "पण तुम्ही सांगितलेली तिन्ही पत्रं बघा. जेध्यांचं रोहिडखोरं डोंगरातलं. चिपळूण, प्रभावळी कोकणातली. जेध्यांच्या रयतेला घाटाखाली उतरायला वाट होती. आपल्याकडे काय आहे? १६६० च्या उन्हाळ्यात शायिस्ताखान नगराहून निघाला तो सुप्या-बारामतीवरनं पुण्याकडे गेला. केवढी फौज! हत्ती, उंट, बाजारबुणगे. पुढं १६६५ ला मिर्झाराजे विजापूरवर निघाले आणि फलटण घेतलं. मोठ्या फौजा नेहमी सपाटीनं जातात, आणि ती सपाटी आपली. इथं उभं राहिलं की नजर अडवायला टेकडी नाही. इथल्या माणसाला लपायला नदीपलीकडचा मुलूख हाच डोंगर. मावळातला माणूस लढून टिकला म्हणून त्याचे पोवाडे झाले. आपला माणूस पळून टिकला. त्याचं कुणी काही लिहिलं नाही. मी तेवढंच म्हणते आहे, मामा."

आम्ही नरसिंहपूरला पोचलो होतो. घाटाच्या पायऱ्या उतरून सर पाण्याजवळ बसले. डावीकडनं भीमा, उजवीकडनं नीरा. भीमेपलीकडे माढा तालुका, नीरेपलीकडे माळशिरस. दोन्ही सोलापूर जिल्ह्यातले. इथनं पुढं एकच पाणी पंढरपूरला जातं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग सरांनीच विषय लांब नेला. त्यांचे चुलते फौजेत होते. १९५४ मध्ये जिनिव्हा करारानं व्हिएतनामचे दोन भाग झाले, सतराव्या अक्षांशाजवळच्या बेन हाय नदीवर. तो करार पाळला जातोय का हे पाहायला आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, बरोबर कॅनडा आणि पोलंड. भारतीय शिपाई तिकडे गेले, त्यात हे चुलते. "ते सांगायचे, नदी आपल्या कऱ्हेपेक्षा फार मोठी नाही. पुलाच्या दोन टोकांना दोन झेंडे. अलीकडच्या माणसाची बायको पलीकडे, आणि जाता येत नाही. तेव्हा मला वाटायचं, हे परदेशातलं काहीतरी. आता तू बोलतेस तेव्हा वाटतं, ही तर आपलीच गोष्ट."

"आपलीच आहे, आणि आपल्याच काळातली," भाची म्हणाली. तिनं हे वाचलेलं होतं. "बेन हायच्या थोडं उत्तरेला झान्ह नावाची नदी आहे. १६२७ ते १६७२ तिथं उत्तरेचं त्रिन्ह घराणं आणि दक्षिणेचं न्गुयेन घराणं यांची युद्धं झाली. म्हणजे महाराजांच्या जन्माआधी तीन वर्षं सुरू झाली, राज्याभिषेकाआधी दोन वर्षं थांबली. दोघंही एकाच ले राजाचं नाव घेऊन लढायचे, जसे आपल्याकडे सगळे बादशहाचं नाव घ्यायचे. न्गुयेनांनी डोंग होईला लांबच लांब तट बांधला. शेवटी कुणीच जिंकलं नाही आणि झान्ह नदी शंभर वर्षं सरहद्द राहिली. दक्षिणेकडे चंपाचं जुनं राज्य. शंकराची देवळं, संस्कृत शिलालेख असलेलं. ते मागं मागं सरत गेलं आणि त्याच्या जमिनीवर नवी माणसं आणून बसवली. काही आपखुशीनं आली, काही धरून आणली. १६५० च्या दशकात न्गुयेनांनी नदीपलीकडे स्वारी केली तेव्हा न्घे आन प्रांतातले शेतकरी पकडून दक्षिणेच्या डोंगराळ भागात नेऊन वसवले. त्यांच्याच वंशात पुढं ताय सोनचे तीन भाऊ जन्मले. १७७१ मध्ये त्यांनी बंड केलं आणि पंधरा-वीस वर्षांत न्गुयेन आणि त्रिन्ह दोन्ही घराणी उलथून टाकली. झान्हची सरहद्द त्यांनी मोडली. ज्यांना गुरासारखं एका काठावरनं दुसऱ्या काठावर नेलं, त्यांच्या पणतूंनी."

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे तिथंही शेवटी तलवारच उचलली ना?"

"उचलली. पण कुणी उचलली?"

मला वाटतं दोघांचं एकमत सर्वांत जवळ आलं ते या पायरीवर. पण दोघंही ते कबूल करणाऱ्यांतले नाहीत.

पुढचं शंभर-सव्वाशे वर्षांचं सरांनी गाडीत भराभर सांगितलं, आणि मीही भराभर सांगतो. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सनदा आणल्या, त्यातल्या स्वराज्याच्या यादीत पुणे, सुपे, बारामती, इंदापूर ही नावं आहेत. कागदावर हा मुलूख आपला झाला. तरी पुण्यात हैदराबादच्या निजामाच्या बाजूनं राव रंभा निंबाळकर ठाण मांडून होते. त्यांना पुढं भीमेपलीकडे करमाळ्याकडे जहागीर मिळाली, करमाळ्याचं कमलाभवानीचं देऊळ त्यांचंच. म्हणजे भीमा पुन्हा सरहद्द, अलीकडे पेशवे आणि पलीकडे निजामाचे सरदार. बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा कऱ्हेकाठी उभा राहिला, मोरोपंतांनी तिथं राहून काव्य लिहिलं. बारामतीकर म्हणून मला याबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण तो विषय वेगळा.

१८१८ नंतरचा भाग मात्र भाचीनं सोडला नाही.

"इंग्रजांनी आल्यावर धारा ठरवायला मोजणी केली, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं. हिशेब फार विद्वत्तेचा, पण धारा जड. त्यात धान्याचे भाव पडले. वसुलीसाठी लोकांचे हाल केले, आणि हे इंग्रज सरकारच्याच अहवालात नंतर कबूल केलेलं आहे. इंदापूर तालुक्यातनं लोक उठले आणि शेजारच्या संस्थानांच्या मुलखात गेले. मामा, १६३० ला आणि १८३० ला इथला माणूस एकच गोष्ट करत होता. नदी ओलांडत होता. आणि सरकारनंही तीच गोष्ट केली. १८३५-३६ ला गोल्डस्मिड आणि विंगेट इंदापूरला आले, नवी मोजणी केली, धारा उतरवला आणि तीस वर्षं वाढवणार नाही म्हणून शब्द दिला. तो इंग्रजांचा कौलच होता. लोक परत आले, पडीक वहितीला आलं. मग हीच पद्धत मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. आज तुमच्या सातबाऱ्यावर जो गट नंबर आहे, त्याच्या आधीचा सर्व्हे नंबर तिथनं आला."

सर म्हणाले, "म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे इंदापूरचा खरा इतिहास मोजणीच्या साखळीनं सुरू होतो?"

"नाही. पण या मुलखात पहिली खरी रेघ त्या साखळीनं मारली. त्याच्या आधीच्या सगळ्या सरहद्दी राजांच्या तोंडी होत्या. ही बांधावर दगड रोवून मारली. आणि गंमत नाही, दुःख आहे यात, की तेव्हापासून पळून जायची वाट बंद होत गेली. जमीन गहाण टाकता यायला लागली, सावकार आला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांची कर्जखतं जाळली ती याच मुलखात. पळता येईना तेव्हा लोक उलटले."

या वाक्यावर मी गाडी हळू केली. दख्खनच्या दंग्याचा धडा मी शाळेत याच सरांकडून शिकलो होतो. सुपं माझ्या घरापासून तासाभराच्या आत आहे. पण त्या दंग्याचं नातं मालोजीराजांच्या लढाईशी जोडता येतं, असं मला कधी वाटलं नव्हतं. लढाई करणाऱ्याला मुलूख हवा, मुलूख पिकवणाऱ्याला कौल हवा, आणि कौल मिळेना की तो नदी ओलांडतो, हा धागा त्या दिवशी भाचीनं माझ्या हातात दिला. तो मी आता सोडणार नाही. मात्र तिचं एक म्हणणं मला तोकडं वाटतं. सगळे धनी कौल देत होते, हे खरं. पण दिलेला शब्द आपल्याच फौजेकडून पाळून घेणारा धनी क्वचित निघतो, आणि तो निघाला तेव्हा लोकांनी त्याला ओळखलं. माणसं केवळ धारा कमी म्हणून जिवावर उदार होत नाहीत. सरांच्या वाक्यातलं रक्त म्हणूनच पुसता येणार नाही.

संध्याकाळी उजनीच्या काठावर आलो. १९८० ला धरण पुरं झालं आणि इंदापूर-करमाळ्याच्या मधली भीमा दिसेनाशी झाली. आता तिथं मैलोगणती पाणी आहे. पळसदेवचं जुनं दगडी देऊळ त्या पाण्यात गेलं, कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की कळस आणि खांब वर येतात, लोक गाड्या करून बघायला जातात. ज्या नदीवर शहाजहाननं सरहद्द ठरवली, ती नदी आता तळाशी आहे. आणि दोन्ही काठांवरची माणसं अजून पलीकडे जात असतात, बाजाराला, दवाखान्याला, लेकीच्या घरी. रस्त्यानं फार मोठा फेरा पडतो, म्हणून होडीनं. २१ मे २०२४ ला करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला येणारी होडी वादळात उलटली. सहा माणसं गेली, त्यात लहान मुलं होती.

सर पाण्याकडे बघत म्हणाले, "हे चार पानांत येईल का गं?"

"आणावं लागेल, मामा."

रात्री सरांनी पहिलं वाक्य बदललं. आता ते असं आहे : "भीमा आणि नीरा यांच्या मधे राहणाऱ्या माणसांनी पुष्कळ राज्यं पाहिली, त्यांतल्या एका राज्याची सुरुवात मालोजीराजे इथं पडले तिथून होते." भाचीला ते अजून पुरतं पटलेलं नाही. सरांनाही नाही. मला वाटतं ते बरोबर आहे, आणि ते तसंच छापावं असं मी दोघांना सांगितलं आहे.

भाचीचं पान मात्र अजून कोरं आहे. राजांची पत्रं छापली गेली, ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेखागारात वाचायला मिळतात. गावांची पत्रं गावांतच राहिली. माझ्या आत्याच्या घरी माळ्यावर लाल फडक्यात बांधलेलं एक दप्तर होतं. ती वारल्यावर सोडून पाहिलं तर वाळवीनं जाळी केलेली, बोट लावलं की भुगा पडायचा. एका कागदावर फक्त वरची आडवी रेघ आणि "मौजे" एवढी दोनच अक्षरं लागली. गाव कोणतं ते वाळवीनं खाल्लं होतं.

बारामती, इंदापूर, दौंड, करमाळा, फलटण, माळशिरस या भागात ज्यांच्या घरी पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी किंवा साधी मिरास होती, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. माळ्यावर, कणगीमागे, देवघराखालच्या पेटीत मोडीतले कागद असतील तर ते रद्दीत घालू नका, नदीत सोडू नका, आणि घडी जोरानं उलगडू नका. कोरड्या सुती कापडात ठेवा, मोबाइलवर प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. कागद तुमचाच राहील. शाळेची स्मरणिका दिवाळीनंतर छापायला जाणार आहे, तोवर एक पान राखून ठेवलं आहे.